वाड्याचा खांब



पुण्याच्या शनिवारवाड्यांत शिरलें म्हणजे हिरवळींत दगडी जोतीं दिसतात. त्यांवर सागवानी खांबांच्या रांगा उभ्या होत्या, हें आज कल्पनेनेंच पाहावें लागतें. पहिल्या बाजीरावानें १० जानेवारी १७३० रोजीं या वाड्याचा पाया घातला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं त्याला आग लागली आणि आंतलें बहुतेक लांकूडकाम जळून गेलें. १८७९ सालीं बुधवारवाडाहि तसाच आगींत गेला. आगीची आठवण इतिहास ठेवतो. पण वाड्याचा खांब जाण्याच्या दुसऱ्याहि रीती आहेत. त्यांचा गाजावाजा होत नाहीं. आज त्यांविषयींच बोलावयाचें आहे.

वाडा म्हणजे मुळांत लांकडाचा सांगाडा. खालीं दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर तुळई आणि तुळयांवर कडीपाट. भिंती मातीच्या किंवा विटांच्या. परंतु वरच्या मजल्याचा भार मुख्यतः खांबच पेलतात. विश्रामबागवाड्यांतील सुरूच्या आकाराचे नक्षीदार खांब पाहणारे आपण सारे माथ्यावरच्या केळफुलाकडे पाहतों; खालच्या दगडाकडे कोणी पाहत नाहीं. खरी अक्कल त्या दगडांत आहे. लांकूड उभ्या तंतूंच्या टोंकाकडून पाणी फार लवकर शोषतें, म्हणून खांबाचा तळ जमिनीपासून उचललेला हवा. शिवाय खांब तळखड्यांत गाडलेला नसतो, त्यावर केवळ टेंकलेला असतो. तुळईचा भार क्षणभर दुसऱ्यानें घेतला, तर तो सोडवितां येतो. बांधणारांनीं दुरुस्तीची सोय आधींच करून ठेविली होती.

आतां भेगेविषयीं. खांबाला उभी चीर दिसली कीं घरांतील माणसें घाबरतात. वास्तविक लांकूड वाळतांना वर्तुळांच्या दिशेनें जेवढें आकसतें, त्याच्या सुमारें निम्मेंच तें गाभ्याच्या दिशेनें आकसतें. लांबींत तर जवळजवळ नाहींच. त्यामुळें अख्ख्या खोडाच्या खांबाला सालीकडून गाभ्याकडे जाणारी चीर पडणें स्वाभाविक आहे. भार तंतूंच्या बाजूनें उभा उतरतो, म्हणून अशी चीर सहसा घातक नसते. तिरपी जाऊन कडेला बाहेर पडणारी, आरपार गेलेली किंवा दिवसेंदिवस रुंदावणारी भेग मात्र भिण्यासारखी. भर उन्हाळ्यांत ती सिमेंटानें गच्च भरणें हा तर शुद्ध वेडेपणा. आषाढांत लांकूड फुगतें आणि जागा न मिळाल्यामुळें स्वतःलाच फाडूं लागतें.

हें सारें मला एका खांबानें शिकविलें. आमच्या वाड्याच्या ओसरीवर तो होता, आणि त्याच्या भेगेंत एका बिऱ्हाडकरूनें सिमेंट भरलें होतें. दुरुस्ती कोणीं करावी, याचा वाद मात्र कित्येक वर्षें चालला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें सर्वसाधारणपणें १ सप्टेंबर १९४० रोजींचें भाडें प्रमाण धरलें होतें, आणि दुरुस्तीची जबाबदारी मालकावर ठेविली होती. मालक म्हणत, "या भाड्यांत खिळे तरी येतील काय?" बिऱ्हाडकरू म्हणत, "वाडा तुमचा, खांब तुमचा." दोघांचेंहि म्हणणें खोटें नव्हतें. कायद्यानें गरिबांचीं घरें राखलीं, हें मला मान्य आहे. पण त्याच कायद्याच्या सावलींत पुण्यांतले पुष्कळ खांब कुजले, हेंहि नाकारतां येणार नाहीं. पुढें १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें. नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, मातीच्या भिंती विरघळल्या आणि कितीतरी वाडे बसले. आमचा वाडा उंचावर असल्यामुळें वांचला. त्या दिवसांत मात्र मालकांनीं जुन्या तुळईचें लांकूड काढून दिलें, आणि मजुरीसाठीं बिऱ्हाडकरूंनीं वर्गणी केली.

म्हातारे सुतारमिस्त्री आले. सर्वांनीं त्यांना भेग दाखविली. ते म्हणाले, "भेग राहूं द्या, पाय दाखवा." ओसरीवर कधीं काळीं शहाबादी फरशी घातली होती आणि तिच्याखालीं तळखडा बुजून गेला होता. फरशी उचलली तेव्हां खांबाचा तळ बोटानें उकरतां येईल इतका मऊ झालेला! मिस्त्रींनीं तुळईखालीं दोन्ही अंगांस टेंकू दिले. त्यांच्या बुडाशीं समोरासमोर पाचरी ठेवून एकदां इकडची, एकदां तिकडची असे हळूहळू ठोके घातले. तुळई केंसभर उचलली असेल नसेल; वर माळ्यावर मात्र कडीपाट करकरला आणि आजी देवघरांतून बाहेर आल्या. मग त्यांनीं कुजका भाग निरोगी लांकूड लागेपर्यंत कापून काढला, जुन्या सागाचा तुकडा तंतू उभे ठेवून लांब अर्धसांध्यानें जोडला आणि आरपार लांकडी खुंट्या मारल्या. भेगेंतलें सिमेंट पटाशीनें कोरून काढलें. भेग तशीच मोकळी ठेविली. तळखड्याभोंवतालची फरशी परत बसविली नाहीं. पाचरी सोडल्या, तेव्हां मिस्त्रींनीं खांबाला कान लावला होता.

त्यानंतर आम्ही तेथें बावीस वर्षें राहिलों. जोडाच्या खालचें लांकूड वरच्यापेक्षां काळसर होतें, आणि पावसाळ्यांत भेग मिटली कीं नाहीं, हें आजी दरवर्षीं बोटानें पाहत असत.