एसजीओटीचं माहेर

महाड-पोलादपूरकडच्या घरात एलएफटीचा, म्हणजे यकृताच्या तपासणीचा रिपोर्ट आला, की नजर आधी एसजीओटी आणि एसजीपीटीवर जाते. आकडा ठळक छापलेला दिसला की निकाल ठरलेला: लिव्हर बिघडलं. या निकालात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. आकडा यकृताचाच आहे ही एक, आणि आकडा जितका मोठा तितका आजार मोठा ही दुसरी. दोन्ही टिकत नाहीत. पहिल्यासाठी तपासणीची कुळकथाच पुरे, कारण एसजीओटीचं माहेर यकृत नव्हे, हृदय आहे.

अमिनो गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेण्याची क्रिया ब्राउनश्टाइन आणि क्रिट्झमान यांनी १९३७ साली मॉस्कोत दाखवली. ती घडवणारी विकरं, म्हणजेच एसजीओटी आणि एसजीपीटी; दवाखान्यात त्यांचा उपयोग सुरू झाला १९५४ मध्ये. न्यूयॉर्कच्या लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कारमेन यांना हार्ट अटॅकनंतर रुग्णाच्या रक्तात एसजीओटी वाढलेली आढळली. मरणाऱ्या स्नायूपेशींतून ती बाहेर गळत होती. कारमेनची मोजणी मोठी देखणी आहे. एनएडीएच हा पदार्थ ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो, विकर जास्त असेल तर तो भराभर संपतो, आणि शोषण किती वेगानं उतरतं त्यावरून आकडा निघतो. यकृताच्या आजारातली वाढ त्यानंतर लक्षात आली, एसजीपीटी तर त्याहून मागाहून आली. पण अतिनील प्रकाश मोजणारं यंत्र महाग. १९५७ मध्ये राइटमन आणि फ्रँकेल यांनी वाट सोपी केली: डायनायट्रोफिनाइलहायड्राझीन घालायचं, मग सोडिअम हायड्रॉक्साइड, आणि नळीत चढलेला तपकिरी रंग साध्या कलरीमीटरवर वाचायचा. लहान लॅबला ही तपासणी परवडू लागली ती या रंगामुळे. पुढे हृदयासाठी सीपीके आणि ट्रोपोनिन आले, आणि एसजीओटी उरली ती यकृताच्या रकान्यात.

तरीही माहेर सुटलेलं नाही. महाडचंच उदाहरण घ्या. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी इथे लाल विंचवाच्या दंशावर आयुष्यभर काम केलं आणि प्राझोसिन या औषधाचा उपचार जगापुढे ठेवला. त्या विषाचा खरा घाव हृदयावर आणि फुप्फुसांवर असतो. अशा रुग्णाची एसजीओटी चढली तर दोष यकृताला कसा द्यायचा? हातापायांच्या स्नायूंतही हे विकर असतं, लाल पेशींतही असतं. दमछाक करणाऱ्या मेहनतीनंतर किंवा नमुना घेताना पेशी फुटल्या तरी आकडा वाढतो. दुसरं गृहीतक लेप्टोस्पायरोसिस मोडून काढतो. सावित्री नदीचा पूर जुलै २०२१ मध्ये महाडात शिरला तसा शिरला, की या आजाराची धास्ती असतेच. गंभीर लेप्टोत डोळे हळदीसारखे होतात, बिलिरुबिन खूप चढतं, पण एसजीपीटी बहुधा दोनशेच्या आत राहते. जीव जातो तो मूत्रपिंडामुळे किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होऊन. उलट हिपॅटायटिस ए मध्ये एसजीपीटी हजारांत जाते आणि बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात. (काविळीच्या झाडपाल्याला यश येतं त्याचं रहस्य बरंचसं इथे आहे.)

यावर कोणी म्हणेल, एसजीओटी सोडा, एसजीपीटी तर यकृताचीच ना? बऱ्याच अंशी हो, म्हणून वजन तिला जास्त द्यावं. पण स्नायूंना मोठी इजा झाली की तीही वाढते, आणि शंका सीपीकेनं फिटते, कारण सीपीके हातापायांच्या स्नायूंतूनही गळते. मग आकडे निरुपयोगी का? मुळीच नाही. दारूच्या यकृतदाहात एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असते, पण सहसा तीनशेच्या वर जात नाही. या दोहोंच्या गुणोत्तराचा विचार इटलीच्या डी रिटिस यांनी १९५७ मध्येच मांडला होता. शिवाय एकाच आकड्यापेक्षा दोन-तीन रिपोर्टांमधला उतार-चढाव जास्त सांगतो. मात्र आकडे 'नॉर्मल' म्हणजे यकृत ठणठणीत, असंही नाही. सिरॉसिसमध्ये गळायला पेशीच फारशा उरत नाहीत, तेव्हा दोन्ही आकडे मर्यादेत दिसू शकतात. यकृत काम किती करतं हे अल्ब्युमिन, प्रोथ्रोम्बिन टाइम आणि बिलिरुबिन सांगतात.

आकडा वाढलेला आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता त्यांना सांगा: गेल्या आठवड्यात अंगमेहनत किती झाली, पुराच्या पाण्यात किंवा चिखलात उतरला होतात का, दारू किती, आणि कुठली गोळी किंवा झाडपाला पोटात गेला.