छत्तीस तासांमागची तेहतीस वर्षं

आमच्या अनगोळातली म्हातारी माणसं गोव्याची गोष्ट सांगतात ती डिसेंबर १९६१ पासून. बेळगावात लष्करी गाड्यांची रीघ लागली, मेजर जनरल कँडेथ यांची फौज इथून निघाली आणि छत्तीस तासांत गोवा पोर्तुगीजांच्या हातून मोकळा झाला. आजोबा मात्र त्याच्या आधीपासून सुरुवात करायचे. ‘‘फौज शेवटी आली, बाळा. आधी पोरं आली.’’

कॅम्पातल्या घरांत त्यांचा दुधाचा रतीब होता. गोव्यातली ख्रिस्ती मुलं तेव्हा इंग्रजी शिक्षणासाठी बेळगावला येत, सेंट पॉलमध्ये शिकत. आजोबा सांगायचे, रविवारची मिस्सा ही पोरं चुकवत नसत. आणि मिस्सा सुटली की चर्चच्या फाटकाशीच पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्यावरून त्यांची हमरीतुमरी चाले. किटली खाली ठेवून आजोबा ऐकत उभे राहत.

त्या वादाला मोठा अर्थ होता. गोवा ही वसाहत नाही, कॅथलिक संस्कृतीचा पोर्तुगीज प्रांत आहे, असं सालाझार जगाला सांगत होता. त्याला खरं उत्तर कॅथलिक तरुणच देऊ शकत होते, आणि त्याची सुरुवात त्यांनी आधीच, थेट पोर्तुगालमध्ये जाऊन केली होती. १९२८ साली कोइंब्रा विद्यापीठात शिकणाऱ्या आदेओदातु बार्रेतु, तेलु मास्कारेन्यश आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘इंडिया नोव्हा’ हे पत्र काढलं. राज्यकर्त्यांच्या देशात, त्यांच्याच भाषेत ते भारताची बाजू मांडत. बार्रेतु १९३७ मध्ये ऐन तारुण्यात गेले. मास्कारेन्यशना १९५९ मध्ये अटक झाली; गोवा स्वतंत्र झाला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले आणि सुटले १९७० साली.

तिकडे बर्लिनमध्ये शिकताना गोव्यातल्या आसोळण्याच्या जुलियाँव मिनेझिसांची राममनोहर लोहियांशी मैत्री जुळली. त्याच मैत्रीपोटी लोहिया त्यांच्या घरी आले आणि १८ जून १९४६ ला मडगावात पोर्तुगीजांची सभाबंदी मोडली गेली.

पुढची हकीकत आमच्या रानातली. नोव्हेंबर १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सरहद्दीवरच्या जंगलातून, आधी आंबोली आणि मग कॅसलरॉक भागातून, गुप्त नभोवाणी चालवली. कोकणी बातम्या आजोबांना बऱ्याचशा समजत. पोर्तुगीज सुरू झालं तरी दुकानातला रेडिओ कुणी बंद करत नसे. लिबियाबाईंचा आवाज ठाम होता, एवढं सगळ्यांना कळे. १९ डिसेंबर १९६१ ला विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची वार्ता गोव्याला सांगितली तीही याच दोघांनी.

फौजेच्या पराक्रमाबरोबर ही तेहतीस वर्षंही मुलांना शिकवायला हवीत. आपली श्रद्धा आपली आणि परक्याची सत्ता परक्याची, हे या ख्रिस्ती तरुणांनी आप्तांचा रोष पत्करून, आपल्याच चर्चच्या दारात उभं राहून सांगितलं. बाहेरच्या कुणी सांगितलं असतं, तर ते गोव्याच्या ख्रिस्ती घरांत इतकं खोल रुजलं नसतं.