मिलिमीटरभर नाक

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, १९९८ च्या पावसाळ्यात, दिल्लीच्या मानववंशशास्त्र प्रयोगशाळेत मैत्रिणीने माझं नाक मोजलं. एक टोक दोन भुवयांच्या मधे, कपाळाचं हाड संपून नाकाचं सुरू होतं तिथे. दुसरं नाकाच्या तळाशी, वरच्या ओठाच्या सुरुवातीला. उंची ५० मिलिमीटर. मग कॅलिपरचा सरकता जबडा उघडून नाकपुड्यांच्या बाहेरून रुंदी घेतली: ३५. रुंदीला उंचीने भागायचं, शंभराने गुणायचं. उत्तर ७०. जर्नलमध्ये लिहिलं, ‘मध्यम’. बाईंनी पुन्हा मोजायला लावलं. या खेपेला कॅलिपर जरा जास्त टेकला असावा, रुंदी ३४ भरली. निर्देशांक ६८, म्हणजे ‘अरुंद’. सत्तरच्या आत अरुंद, सत्तर ते पंच्याऐंशी मध्यम, त्यापुढे रुंद, असे ते गट.

नाकपुडी मऊ असते. हाताच्या जोरावर एखादा मिलिमीटर सहज इकडचा तिकडे होतो. अशाच मिलिमीटरांवर शंभर वर्षांपूर्वी अख्ख्या जातींची उतरंड रचली गेली होती, हे मला ग्रंथालयात बसल्यावर कळलं.

हर्बर्ट रिस्ली हा इंग्रज सनदी अधिकारी. बंगालमधल्या जाती-जमातींवरचे त्याचे खंड १८९१ मध्ये निघाले आणि १९०१ ची जनगणना त्याच्याच देखरेखीखाली झाली. जात जितकी वरची तितकं नाक बारीक, जितकी खालची तितकं रुंद, असा त्याचा सिद्धान्त. त्याला तो इतका पटला होता की जनगणनेत जातींचा सामाजिक क्रमही लावायला घेतला. त्यातून वरच्या क्रमासाठी जातिसभांचे अर्ज आणि भांडणं सुरू झाली.

या आकड्यांना उत्तर आकड्यांनीच मिळालं आणि देणाऱ्यांत आपली माणसं होती, याचा मला आजही अभिमान वाटतो. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’मध्ये रिस्लीचीच मापं पुन्हा मांडली. उत्तर हिंदुस्थानच्या एका पट्ट्याबाहेर नाकाची आणि जातीची सांगड बसत नाही, हे त्यांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी प्रशांतचंद्र महालनोबिसांनी बंगालच्या मूळ नोंदी तपासून दुरुस्त केल्या. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये घुर्यांची कोष्टकं वापरली. ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे असतील तर नाकं वेगळी दिसायला हवीत, पण मापं तसं सांगत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद. आंबेडकरांचा जातिसंस्थेवरचा पहिला निबंधही मानववंशशास्त्राच्या वर्गातलाच होता. तो त्यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझरांच्या सेमिनारमध्ये वाचला तेव्हा त्यांचं वय पंचवीस होतं.

मला मात्र सगळ्यात जवळच्या वाटतात त्या इरावती कर्वे. ब्रह्मदेशात जन्मलेली आणि तिथल्या नदीचं नाव घेतलेली ही मुलगी पुण्यात हुजूरपागेत शिकली. घुर्यांकडे एम.ए. करून ती बर्लिनला गेली. सासऱ्यांचा, म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी हयात घालवणाऱ्या महर्षी कर्व्यांचा, या जाण्याला विरोध होता. डॉ. जीवराज मेहतांनी कर्ज दिलं. बर्लिनच्या संस्थेत तिचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, ज्यांचे वंशविचार पुढे नाझींच्या कामी आले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशागणिक बदलतो आणि गोऱ्यांची कवटी त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची साक्ष देते, हे त्यांना सिद्ध झालेलं हवं होतं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. फरक सगळ्यांतच होता. वंशाशी त्याचा संबंध नव्हता. त्यांनी तसंच लिहिलं आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या.

परदेशात एकटी, पंचविशीही न गाठलेली विद्यार्थिनी. पदवी ज्याच्या हातात, त्याच्याच गृहीतकाविरुद्ध तिने मापं मांडली. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटावर पाटी लावायची झाली तर मी हिचं नाव लावेन.

त्यांनी कॅलिपर टाकून दिला नाही, हेही सांगायला हवं. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्यावर त्या महाराष्ट्रभर माणसं मोजत हिंडल्या. वि. म. दांडेकरांबरोबर त्या मापांचं पुस्तक १९५१ मध्ये काढलं. ही मोजणी करायलाच हवी होती का, असं मला कधी कधी वाटतं. पण त्यातूनच त्या म्हणू लागल्या की कुंभार हे नाव एक असलं तरी त्याखालच्या पोटजाती वेगवेगळ्या गटांतून आलेल्या असू शकतात. जात म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या, ही समजूत त्यांनी सोडायला लावली.

आणि मग शेवटच्या वर्षांत कोयना. धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी मुलगी जाई निंबकर हिच्याबरोबर केली. त्या पाहणीचं पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं. हे पुस्तक मी तिसऱ्या वर्षी हातात घेतलं आणि वाचता वाचता थांबले. माझं आजोळ कोयनाकाठचं. आजी लग्न होऊन ज्या घरात आली, ते पाण्याखाली आहे.

तिसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी घाटाखालच्या वसाहतीत तिच्याकडे गेले. पन्नास प्रश्नांचा फॉर्म होता: आधी जमीन किती, आता किती, जनावरं किती, विहिरीला पाणी किती महिने. पहिला प्रश्न वाचला. आजी म्हणाली, “थांब. गाव कसं होतं ते आधी लिही.” वरच्या आळीपासून तिने एकेक घर सांगायला सुरुवात केली. कुणाचं जोतं उंच, कुणाच्या दारात फणस, कुणाच्या ओट्यावर दुपारी बायका तांदूळ निवडायला बसायच्या. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. मी पाठकोऱ्या बाजूवर लिहीत गेले. एकतीस घरं झाली तेव्हा अंधारून आलं होतं. आजी दिवा लावायला उठली. जाताना म्हणाली, “अजून खालची आळी राहिलीय.”