जात्यावरचा आवाज डफावर

आवणीच्या वेळी चिखलात उभं राहून एक जण गाण्याची ओळ धरते आणि बाकीच्या ती उचलतात, हे राजूरकडच्या आपल्याला नवं नाही. शाहिराच्या मागे अशी ओळ उचलणाऱ्याला झीलकरी म्हणतात. आज आम्ही अशाच गाणाऱ्या मंडळींची गोष्ट सांगतो. कामगारांच्या लाल झेंड्यावरून त्यांनी नाव घेतलं, लाल बावटा कलापथक.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ते मुंबईत उभं केलं. अण्णाभाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. शाळा दीड दिवसाची. पोटासाठी घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले, मिळेल ते काम केलं, गिरणीत राबले.

अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब पटेल. गाडीवर क्लीनर होते, मग गिरणीत लागले. संपात पुढे झाले म्हणून तुरुंगात गेले, तोही आपल्याच जिल्ह्यातल्या विसापूरच्या. त्यांचा आवाज पहाडी, पण गाण्याची शिदोरी मिळाली ती आई मुनेरबी यांच्याकडून. पुस्तकं हे एका ओळीत उरकतात. आम्हाला तीच ओळ मोठी वाटते.

मंडळी कामगार वस्त्यांत गायची. सोबत डफ, ढोलकी, तुणतुणं. तमाशाचा बाज त्यांनी घेतला, पण जसाच्या तसा नाही. अण्णाभाऊंनी गणाच्या जागी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आणलं. गवळण तर काढूनच टाकली. बाजाराला निघालेल्या बायांची वाट अडवायची, त्यांची चेष्टा करायची आणि लोकांनी हसायचं, असा तो भाग. डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या आपल्याला त्यात काय खटकतं, ते वेगळं सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर सरकारने पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशा म्हणून अडवतात, तर त्याला लोकनाट्य म्हणू, असं अण्णाभाऊंनी ठरवलं. नाव बदललं, डफ तोच राहिला.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे शाहीर गावोगाव गायले. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही लावणी त्याच काळातली. मुंबईला गेलेल्या गड्याला गावी राहिलेली बायको आठवते, एवढंच आधी वाटतं. पण ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर ठेवलेला मराठी मुलूखही आहे. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिले.