बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग
इमारतीचा प्रत्येक घटक माप, साहित्य, खर्च व कालक्रमासह एकाच संगणकीय त्रिमितीय प्रारूपात नोंदवण्याची पद्धत, संक्षेपाने बीआयएम. नागपूर मेट्रोने वेळ व खर्च जोडलेले पंचमितीय प्रारूप वापरले. अशा प्रारूपात तुळईला छेदणारी नळवाहिनी काँक्रीट ओतण्यापूर्वीच पडद्यावर दिसते आणि नंतरची तोडफोड टळते. लहान बांधकामांना हे परवडत नाही, हा आक्षेप सॉफ्टवेअर व प्रशिक्षणाच्या खर्चापुरता खरा आहे. मात्र साहित्य आणि खर्च आधी ठरवण्याची शिस्त महागडी नाही: वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमातील आदिनिवास हे घर १९३६ मध्ये स्थानिक साहित्य व कारागिरांची मर्यादा मानूनच उभे राहिले. अशा कामात गवंडी-सुतार समोरासमोर बोलून अडचण सोडवतात. वास्तुविशारद, अभियंते, कंत्राटदार विखुरलेले असले की सामाईक प्रारूप लागते. म्हणून बीआयएमची गरज इमारतीच्या आकारापेक्षा कामातील गुंतागुंतीवरून ठरवणे योग्य.