चौथे बटण, पाचवे बटण : लिनक्सवर माऊसचे चाक कसे फिरू लागले?

🧵 १/ महाडहून भोरकडे जाणारा रस्ता वरंध घाटाने सह्याद्री चढतो. माथ्यावरचा कावळ्या किल्ला पूर्वी या वाटेची राखण करी. आज गाडीरस्ता त्याच किल्ल्याजवळच्या खिंडीतून जातो. वाहने बदलली, वाट जुनीच राहिली. संगणकाच्या इतिहासातही अशी एक जुनी वाट आहे. तिच्यावरून माऊसचे चाक धावते.

२/ डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक केले. त्या माऊसला पाने सरकवणारे चाक नव्हते. ते घरोघरी पोहोचले मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाऊसमुळे, १९९६ साली. अर्थात ते विंडोजसाठी होते.

३/ लिनक्सचा जन्म १९९१ चा. त्याचा पडदा चालवणारी एक्स विंडो प्रणाली त्याहूनही जुनी. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. त्या नियमावलीत माऊसची हालचाल होती, बटणे होती. चाक मात्र नव्हते.

४/ पहिला पेच दाराशीच होता. पीएस/२ जातीचा साधा माऊस प्रत्येक हालचालीची बातमी ३ बाइटांत देई. चाकासाठी चौथा बाइट हवा. पण जुना संगणक तीनच वाचत असेल तर सारा हिशेब विस्कटे : बाण पडद्यावर सैरावैरा पळे, बटणे आपोआप दाबली जात.

५/ उपाय होता परवलीचा शब्द! संगणकाने माऊसला नमुनादर २००, मग १००, मग ८० असा ओळीने सांगायचा आणि नंतर ओळख विचारायची. साधा माऊस उत्तर देई ०. चाकाचा माऊस खूण ओळखून उत्तर देई ३ आणि तेव्हापासून चौथा बाइट पाठवू लागे. परवल न सांगणाऱ्यापुढे तो साधाच राही.

६/ दुसरा पेच अधिक अवघड. चाकाची बातमी आली, पण ती प्रोग्रॅमांना सांगायची कोणत्या शब्दांत? एक्सच्या नियमावलीत पाच बटणांची सोय होती आणि बहुतेक माऊसना तीनच बटणे होती. म्हणून ठरले : चाक वर फिरले की चौथे बटण दाबले, खाली फिरले की पाचवे. नियमावलीचे एक अक्षरही बदलावे लागले नाही.

७/ एक्सफ्री८६ या मुक्त प्रकल्पाने ही सोय दिली. वापरकर्त्याला संरचनेच्या फाइलीत दोन ओळी स्वतः लिहाव्या लागत : माऊसची बोली ‘आयएमपीएस/२’, आणि चाकाचा अक्ष ‘४ ५’ या बटणांना जोडलेला. जे प्रोग्रॅम ही बटणे ओळखत नसत, त्यांच्यासाठी ‘आयएमव्हील’ हा दुभाषा होता.

८/ भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, तेही टेलिफोनच्या तारेवरून. अशा काळात या फाइलीतली एक चूक महाग पडे : चित्रमय पडदा उघडतच नसे, समोर उरत फक्त काळ्या पाटीवरची अक्षरे. मात्र ती फाइल उघडी होती. ज्याला वाचता येई, त्याला ती दुरुस्तही करता येई.

९/ या युक्तीची किंमतही मोजावी लागली. बटण एक तर दाबले जाते किंवा जात नाही. ‘थोडेसे’ दाबता येत नाही. त्यामुळे चाक खाचेखाचेनेच सरके. २०१२ मध्ये एक्सच्या नव्या विस्ताराने सलग सरकण्याची सोय आणली. २०१९ मध्ये लिनक्स ५.० च्या गाभ्यात एका खाचेचे १२० भाग मोजण्याची व्यवस्था आली.

१०/ तरीही जुन्या प्रोग्रॅमांसाठी एक्स आजही चौथ्या-पाचव्या बटणाचा निरोप धाडते. इतिहास केवळ तहांत आणि तटबंदीत नसतो. निकडीच्या वेळी काढलेली पायवाटही पुढे राजमार्ग होते, आणि ती कोणी का काढली हे ठाऊक असेल तरच तिच्या वळणांचा अर्थ लागतो. (समाप्त)