हिशेब ठोकळ्यांचा, पुस्तिकेचा नव्हे

जुना लेगो संच ऑनलाइन विकायला निघाला की जाहिरातीत ‘मूळ पुस्तिका नाही’ असे कबुलीच्या सुरात लिहिलेले असते, आणि गिऱ्हाईकही तेवढ्यावरून भाव पाडून मागते. या खेळण्याचा इतिहास पाहिला तर ही घासाघीस चुकीच्या वस्तूवरून चालते असे वाटते. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातून प्लास्टिकचे ठोकळे १९४९ पासून निघू लागले. वरचे उंचवटे आणि आतल्या नळ्या एकमेकांना घट्ट धरतात, त्या रचनेच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. बांधणीच्या छापील सूचना मात्र संचांमध्ये १९६४ पासून येऊ लागल्या. म्हणजे पुस्तिका हा या खेळण्याचा जन्मजात अवयव नव्हे. ती मागाहून जोडली गेली.

तिचे वजन पुढे वाढले, त्यालाही कारण आहे. १९७८ मध्ये हातपाय हलणारी छोटी माणसे आली. किल्ले, अंतराळयाने असे विषय धरून संच निघू लागले आणि एका संचातून एक ठरावीक वस्तू बांधायची, ही रीत पक्की झाली. खास आकाराचे भाग वाढले, तसा नकाशाही लागू लागला. पण कागद फाटतो, भिजतो, रद्दीत जातो, ठोकळा टिकतो. ही फट इंटरनेटने भरून काढली. २००० साली निघालेल्या आणि पुढे ब्रिकलिंक या नावाने ओळखल्या गेलेल्या बाजारात कोणत्या संचात कोणता भाग, कोणत्या रंगात, किती नग, याच्या याद्या हौशी मंडळींनीच रचल्या. कंपनीनेही १९९६ पासूनच्या बहुतेक संचांच्या पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवल्या. माहिती कागदातून सुटली ती अशी.

खरी अडचण उरते ती ढिगाऱ्याची. खोके आणि पुस्तिका दोन्ही गेली की संचाचा क्रमांकही जातो. ठोकळा उलटा केला तर आत बारीक आकडा दिसतो; दोन बाय चारच्या ठोकळ्यावर ३००१. पण तो आकाराचा क्रमांक, असंख्य संचांत तोच. ओळख पटते ती एखाद्या चित्र छापलेल्या भागावरून किंवा माणसाच्या धडावरच्या नक्षीवरून. शिवाय २००४ च्या सुमारास कंपनीने राखाडी रंगाची छटा बदलून निळसर केली. जुन्या यानात नवा राखाडी तुकडा बसवला तर तो बसतो चोख, पण उजेडात ठिगळासारखा दिसतो. हे पुस्तिका सांगत नाही. विक्रेत्याच्या नजरेलाच ते दिसावे लागते.

संग्राहक मूळ कागदाला जादा पैसे मोजतात, हा आक्षेप खरा आहे. पण ती किंमत दुर्मीळ छापील वस्तूची. बांधता येण्या-न येण्याशी तिचा संबंध नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: १९९६ पूर्वीच्या संचांसाठी हौशींनी स्कॅन केलेल्या प्रतींवर विसंबावे लागते आणि त्यांत काळा व गडद राखाडी यांत गफलत होते. तरीही त्यावरचा उपाय भागांची यादीच; रंग तिथे नावानिशी नोंदलेला असतो. म्हणून विक्रेत्याने ‘पुस्तिका नाही’ एवढे लिहून थांबू नये. कोणता भाग कमी, कोणता बदली, हे सांगावे. २०१९ मध्ये लेगो कंपनीने ब्रिकलिंक विकत घेतले, तेव्हा त्या व्यवहारात जुन्या पुस्तिकांचा साठा नव्हे, तर सुट्या ठोकळ्यांचा वर्षानुवर्षे जमवलेला हिशेब आणि तो ठेवणारी माणसे मोलाची होती.